शिफारशीतले चार जुने शब्द

२ जून २००२, रविवार
दौंडला रेल्वे कॉलनीजवळच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजीचा जुना, जाडजूड शब्दकोश आणला. पुठ्ठा नाही, पण प्रत्येक शब्दाचं मूळ दिलंय. वीस वर्षं न्हावऱ्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतोय आणि साधा 'नाइस' मुळात 'अडाणी' या अर्थाचा होता हे माहीत नव्हतं. लाज वाटली. संकल्प: यापुढे शब्द मूळ अर्थानेच वापरायचा.

५ जून
सौ. म्हणाली, एवढं काय वाचताय? म्हटलं, शब्दांची कुळं शोधतोय. म्हणाली, आधी म्हशीला पाणी दाखवा, मंग तिचं बी कूळ काढा.

८ जून
सुषमा आली होती. गावातल्या म्हस्कूची मुलगी, बारावीला कॉलेजात पहिली. पुण्यातल्या एका ट्रस्टची स्कॉलरशिप मिळाली तरच इंजिनिअरिंग. नाहीतर कंपनीत लाग, असं म्हस्कूनं सरळ सांगितलंय. शिक्षकाचं शिफारसपत्र हवं, इंग्रजीत. प्राचार्य पोपटरावांनी नेहमीचा नमुना पुढे केला: 'शी इज गुड अँड हार्डवर्किंग.' गावातल्या प्रत्येक पोराला हेच. म्हटलं, मी लिहितो. सुषमा म्हणाली, सर, तुम्ही लिहिताय म्हंजी काळजीच न्हाई.

१० जून, पहाटे
सापडला! 'इग्रीजिअस'. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा तो इग्रीजिअस. अंगावर काटा आला. माझा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, म्हस्कूचाही. रोमन लोकांनी जणू आमच्यासाठीच शब्द करून ठेवला. आज त्याचा अर्थ 'भयंकर वाईट' असा झालाय, पण तो आजच्या लोकांचा दोष.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, आवं, कळप सोडलेल्या मेंढराला आमच्यात कुणी चांगलं म्हणत न्हाई, त्याला शिव्या देत हुडकावं लागतं.
व्युत्पत्ती हा तिचा विषय नाही.

११ जून
पत्र पूर्ण. सुषमा 'इग्रीजिअस' आहे. 'ऑफिशियस' आहे: आज लुडबुडी, मुळात दुसऱ्याच्या मदतीला धावणारी. घर 'नॉटी': मुळात ज्यांच्याजवळ शून्य आहे असं, गरीब. आणि ती 'सिली' आहे, म्हणजे मूळची पुण्यवान, निष्पाप.
इथे मन अडलं. पुण्यवान? ही अतिशयोक्ती तर नाही? खोटी स्तुती माझ्याकडून होणार नाही. तासभर विचार करून 'सिली'च्या आधी 'रादर', म्हणजे 'जराशी', घातलं. आता बरं वाटतंय.
तळटीप द्यावी का? नको. ट्रस्टवर वयस्कर, जाणकार मंडळी. अर्थ सांगणं म्हणजे त्यांचा अपमान.

२७ जून
सुषमा मुलाखत देऊन आली. एक मॅडम पत्र वाचून आधी हसल्या, मग पुन्हा वाचलं. विचारलं, या सरांचं तुझ्या घरच्यांशी भांडण आहे का गं? ही म्हणाली, न्हाई, आमचे सर लई चांगले हायत. मग मॅडमनी तिला पत्र मराठीत सांगितलं: मुलगी महाभयंकर, लुडबुडी, जराशी मूर्ख, घर वाह्यात.
हे तिनं खाली बघून सांगितलं. मी चारही शब्दांचं मूळ समजावलं. म्हणाली, पर सर, त्यांना कुठं म्हाईत हाय?
नेमका मुद्दा. त्यांना माहीत नाही.

२८ जून
ट्रस्टला खुलासा पाठवला. सात पानं, रजिस्टर पोस्टानं. शेवटी लिहिलं की आपली समिती अत्यंत 'नाइस' आहे. मूळ अर्थाने. हा सूड नाही ना, हे स्वतःला विचारलं. नाही. अचूकता.

९ जुलै
ट्रस्टचं उत्तर. 'आपल्या चांगल्या शब्दांबद्दल आभार. यादी अंतिम आहे.' यादीत सुषमा नाही.
संध्याकाळी डेअरीवर म्हस्कू भेटला. म्हणाला, सर, पोरीनं तुमचं काय वाईट केलं व्हतं? मी समजावू लागलो. 'कळप' येईपर्यंत त्यानं ऐकलं. मग म्हणाला, धारा राहिल्यात, आन् कॅन उचलून गेला.

१० जुलै
आत्मपरीक्षण. चूक कोणाची? प्रामाणिकपणे: तळटीप द्यायला हवी होती. म्हणजे चूक आहे, पण मांडणीची; आशयाची नाही. शिवाय 'रादर' नको होतं.
जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, फुडल्या साली पत्र मला लिवू द्या. मला इंग्रजी येत न्हाई, तेवढंच पोरांचं भलं.
वाद घालण्यासारखं बरंच होतं.

१५ जुलै
ट्रस्टला दुसरा खुलासा लिहायला घेतला. पहिल्याच वाक्यात 'सॉरी' आलं. मूळ पाहिलं: 'दुखरा, वेदनेनं भरलेला'. तेवढा मी आहे का? ठरेना. कागद तसाच राहिला.

२२ जुलै, सोमवार
सुषमा आली. रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला घेतायत, वागणुकीचा दाखला हवा. मी कोरा कागद पुढे ओढला. ती म्हणाली, सर, नुसतं गुड लिवा. दुसरं काय बी नको. म्हटलं, अगं, गुडचंही मूळ मोठं गमतीचं... म्हणाली, सर, माझी एसटी जाईल.
लिहिलं. 'सुषमा इज गुड.' सही, शिक्का.
तिनं कागद घेतला, पण पिशवीत ठेवला नाही. तिथंच उभं राहून वाचला. मग उलटा करून मागची बाजूही पाहिली.