काखेतला कांदा

घाटनांदूर

प्रिय मनिषाअक्का,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसशील. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि आज मला लई बोलायचंय.

आज आठवीला चालू वर्तमानकाळ शिकवला. फळ्यावर नियम लिहिलाच नाही. एका मुलीला खिडकीशी उभं केलं आणि बाहेर काय चाललंय ते सांग म्हटलं. मावशी इज स्वीपिंग, गोट इज ईटिंग, असं करत अख्खा वर्ग खिडकीला लोंबकळला. मुख्याध्यापकांनी विचारलं, ही पद्धत कोणत्या प्रशिक्षणातली? म्हटलं, आमच्या अक्काच्या.

आठवतं ना? मी आठवीत, इंग्रजीत कायम काठावर. तू अण्णांबरोबर उसाच्या फडात, आणि दर रविवारी मुकादमाच्या मोबाइलवरून माझा तास. समोर दिसेल ते तू मराठीत सांगायचीस, मी इंग्रजीत म्हणायचं. अण्णा इज कटिंग. सुग्रीवमामा इज लोडिंग. मी जोशात 'आय अ‍ॅम नोइंग' म्हटलं की तू खदाखदा हसायचीस. "येडे, जे होताना दिसतं त्यालाच आयएनजी लाव. मनातल्याला न्हाई लागत." इतकं सोपं करून मला बीएडलाही कुणी सांगितलं नाही.

सगळ्यांचं सांगायचीस, स्वतःचं कधीच नाही. मार्चमध्ये एकदा रविवार नसताना, आडवारीच तुझा फोन आला. मी विचारलं, आणि तू? "आय अ‍ॅम टायिंग केन," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्या दिवशी दहावीचा इंग्रजीचा पेपर होता. तुझ्या मैत्रिणी सकाळी आपल्या दारावरूनच गेल्या होत्या.

अक्का, त्या वर्षी आईची कंबर धरली. ऊसतोडीला जोडी लागते, म्हणून अण्णांनी मला न्यायचं ठरवलं होतं. तुझं दहावीचं वर्ष होतं ना. निघायच्या सकाळी मला ताप भरला आणि तू म्हणालीस, "मीच येते. मला तसंबी न्हाई आवडत ती शाळा." अण्णांना ते खरं वाटलं. ताप नव्हता गं मला. अंग तापावं म्हणून काखेत कांदा धरून पडले होते. पांघरूण सारखं करताना तो तुझ्या हाताला लागला. तू माझ्याकडे बघितलंस, तो टोपलीत टाकलास आणि ट्रकमध्ये जाऊन बसलीस. चौदा वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाहीस. मी आज बाई म्हणून वर्गात उभी राहते ती तुझ्यामुळे. माफी मागायचा धीर आज झाला.

आता कामाचं. सोबत सतरा नंबरचा फॉर्म आहे, शाळेत न जाता दहावीला बसायचा. तुझा शाळा सोडल्याचा दाखला मी जूनमध्येच काढून आणला. सगळं भरलंय, तुझी सही तेवढी राहिलीय. दाजींशी बोलले. ते म्हणाले, "बसू द्या की, आमी कुठं न्हाई म्हणतो." वय झालं म्हणू नकोस. आणि शाळा आवडत नाही, हे तर मला मुळीच सांगू नकोस. दर रविवारी माझा फोन येईल. आता समोरचं मी सांगणार, इंग्रजीत तू म्हणायचंस.

तुझीच,
कांदेवाली वर्षा