चढावर बंद पडणारी गाडी

बाबा, तुमची गाडी चालू झाली. ज्यांना सांगते त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही गेल्यावर काही वर्षं भाऊ ती चालवत होता. मग तो भिवंडीला गोदामात कामाला लागला, तिकडेच खोली घेतली, आणि गाडी आपल्या दारात चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. चाकांभोवती गवत वाढलं, कोंबड्या मागच्या, माल भरायच्या हौद्यात अंडी घालायला लागल्या. सकाळी दार उघडलं की समोर तीच. पलीकडून मोखाड्याचा रस्ता जातो, पण तो बघायचा तर मला ओट्यावरून वाकावं लागतं.

माझं लग्न मोडून मी परत आले, तेव्हा तुम्ही काही विचारलं नव्हतंत, नुसता पाट पुढे सरकवला होतात. तेव्हापासून मी इथंच आहे. नाचणी, अंगणवाडीची खिचडी, आईचे गुडघे. यंदा नाशिकला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळत होतं, राहायच्या खोलीसकट. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले. भाऊ आईला न्यायला तयार होता. आईच हलेना. "तेंची गाडी अठं उघड्यावर टाकून मी कठं जाव?" एवढंच म्हणायची. गाडी विकली तर जाशील का, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "चालती कर नि चांगल्या माणसाला दे. भंगारात नाय द्यायची. मंग जाईन." जव्हारचा एक गवताचा व्यापारी घ्यायला तयार झाला. गाडी स्वतःच्या चाकांवर वखारीपर्यंत आली पाहिजे, एवढीच त्याची अट होती.

मोखाड्याहून मिस्त्री आणला. त्यानं बॅटरी बदलली, टाकीतलं जुनं डिझेल सोडून दिलं. ते चहासारखं काळं झालं होतं, तळाला पाणी. टाकी धुतली, नवा फिल्टर घातला, नळीतली हवा काढली. गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि चालू झाली. सपाटीला छान पळाली. मी शेजारी बसले होते. जव्हारच्या रस्त्याला पहिला लांब चढ लागला आणि तिचा जोर हळूहळू कमी होत गेला, दोन झटके बसले, बंद. थोडा वेळ थांबलो तर काही झालंच नसल्यासारखी चालू झाली. पुन्हा चढ, पुन्हा बंद. मिस्त्रीनं फिल्टर उघडून पाहिला, तो स्वच्छ होता. "ताई, डिझेलचा पंप गेला," तो म्हणाला. "काढून नाशिकला धाडावा लागंल. दिवाळीनंतरच मिळंल आता." गाडी वळवून उतारानं आम्ही ती घरी आणली. आईनं दारातूनच विचारलं, "काय झाला गो?" मी भाकऱ्या थापायला बसले.

तव्यासमोर बसले की मला तुमचा एक दिवस आठवतो. तुम्ही याच चुलीपुढे उकिडवे बसला आहात, आईच्या परातीत गाडीचा कसलासा भाग धुताय, आई ओरडतेय, आणि शाळेत जाणारी मी शहाणपणानं सांगतेय, "बाबा, पंपच गेला असेल." तुम्ही हातातला फडका जमिनीवर आपटता. "काय गेलं ते मागून! आधी ती कधी बंद पडते ते सांग. डागदर काय विचारतो? ताप कधी येतो, हेच ना?" मी रडले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शाळेला न धाडता गाडीत बसवून पार साखरशेत गावापर्यंत नेलंत. दिवसभर तुम्ही फक्त "ऐक" म्हणत राहिलात. मला त्या वयात तेवढा वेळ कुणी सोबत घेतलं नव्हतं.

म्हणून भाकऱ्या भाजताना मी तोच विचार करत बसले. दारात उभी असताना बंद पडत नाही. निघाल्या निघाल्या नाही. बराच वेळ जोर लावून चालली की पडते. आणि कुणी हात न लावता, नुसतं थांबलं की बरी होते. पंप गेला असता तर तो बसल्या बसल्या बरा कसा होईल?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हटलं, पंप काढायच्या आधी एकदा चढावर घ्या, आणि बंद पडली की कशाला हात लावू नका. पडली. मी खाली उतरले आणि डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ असा लांब आवाज करत हवा आत गेली. "करा चालू," मी ओरडले. एका झटक्यात चालू झाली. झाकण उलटं करून पाहिलं. हवेसाठी जे बारीक भोक असतं त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. डिझेल खर्च होत होतं आणि त्याच्या जागी हवा येत नव्हती, मग पंपानं ओढून ओढून ओढायचं काय? मी केसातल्या पिनेनं माती टोकरून काढली. गाडी पूर्ण चढ न थांबता चढली. वर पोचल्यावर मिस्त्री हसला आणि खाली उतरला. "घ्या, आता तुम्हीच न्या घरी." भावानं मला शेताकडच्या वाटेवर कधीतरी चालवायला दिली होती, तेवढंच मला येत होतं. पण नेली.

आवाज ऐकून आई काठी न घेता बाहेर आली. तिनं बॉनेटवर हात ठेवला, गरम होतं तरी काढला नाही. मग म्हणाली, "चालते तं. आता कशाला विकायची?" मी म्हटलं, तूच म्हणाली होतीस. ती म्हणाली, "तवा ती मेली होती." भावाला फोन लावला. तो म्हणाला, "तिची इच्छा नाही तर राहू दे ना. तू आहेसच तिथं. आठवड्यातून एकदा चालू करत जा, म्हणजे परत खराब नाही व्हायची."

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. वसतिगृहातल्या जागेवर दुसरी बाई आली. पंपाचंच खरं धरून मी गप्प बसले असते तरीही दिवाळी उलटलीच असती. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, बाबा. कुठूनच वाट निघत नाही.

आता दर सोमवारी मी गाडी काढते. इंजिन नीट तापायला हवं, असं आईला सांगून लांब नेते, पार घाट संपेपर्यंत. खरं कारण ते नाही. तेवढा वेळ मला आई आठवत नाही, ती घरात एकटी आहे हेही नाही. हे मी भावाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं, पण हा कागद कुठं जाणारच नाही.