पवनची हजेरी

३ नोव्हेंबर, सोमवार
आंबीच्या कारखान्यात रुजू झाले. नवऱ्याच्या जागी, पवनच्याच खुर्चीवर घेतलं. टेबल खिडकीशी आहे, ऊन छान येतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच डबा भरताना बरं वाटलं. आमच्या कोमलला उर्से गावातल्या शिकवणीहून आता मी आणायचं. तिला आणायलाच निघाला होता पवन, फाट्यावर अपघातात गेला.

त्याचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अठरा मिनिटं घेतो. इथले लोक बटण दाबून चहाला जातात आणि त्याला काम म्हणतात. आमचे वरिष्ठ कैलाससाहेब म्हणाले, मशीन जुनं झालंय. मशीन नाही, माणसं आळशी.

४ नोव्हेंबर
सुरू होताना आपोआप उघडणारे एकतीस प्रोग्राम निघाले. तीन नुसते प्रिंटरचे, त्यातले दोन प्रिंटर भंगारात गेलेत. एक पत्रिका जुळवण्याचा! यादी आधी वहीत उतरवली. काढून काही टाकलं नाही, फक्त बंद केलं, तेही एकेक करून, दरवेळी मशीन पुन्हा सुरू करून बघत. अँटिव्हायरसला आणि विंडोजच्या स्वतःच्या सेवांना हात लावला नाही. एवढंसं काम यांना कधी जमलं नाही. आता चार मिनिटं लागतात.

५ नोव्हेंबर
एक उरला, ‘हजेरी’. आमची हजेरी तर गेटवर अंगठ्याने होते. हा पवनने स्वतः बसवलेला, मागे गुपचूप चालतो. नोंद उघडली. पवन रोज ८:३१ला ‘आत’. आजही. गेल्यापासून ‘बाहेर’चा रकाना कोराच.

झाडणाऱ्या धोंडाबाई म्हणाल्या, ताई, त्ये तेवढं ऱ्हाऊ द्या, भाऊ हितं हायेत तवर बरंय. कैलाससाहेबांनीही मान डोलावली. आणि हे म्हणे इंजिनिअर.

६ नोव्हेंबर
सकाळी ‘हजेरी’ बंद केली. मशीन दीड मिनिटात चालू. धोंडाबाई माझ्या खोलीत झाडायला आल्या नाहीत. अडाणीपणा नुसता.

४:५० – सहज नोंद पाहिली. पवन, बाहेर ४:४७. कुणाचा तरी चावटपणा. पण साहेब तर आज पुण्याला –

५:२० – शिकवणीच्या समीक्षाताईंचा फोन. नवीन आहेत, त्यांना काही माहीत नाही. म्हणाल्या, कोमलची वही राहिली, तिचे बाबा घाईत होते. हसत गेली म्हणे.

घरी शेजारणीला फोन केला. दाराला कुलूप.

५:२६ – ‘हजेरी’ परत चालू केली. तो इथे आत असला की कुठे जात नाही. धोंडाबाई तेच सांगत – मशीन पुन्हा सुरू होतंय – परत चार मिनिटं –

५:३० – पवन, आत ५:३०.

खाली आणखी एक ओळ. कोमल, आत –