दोन बस निघून गेल्या

प्रिय मास्तर,

माझं पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठीक आहे. गेल्या महिन्यात आतोबा गेले. आत्याला भेटून कालच ताईकडे परत आले. फोनवर हे सगळं मला सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

मी नऊ वर्षांची असताना आई-बाबा एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. 'तुझ्या बाबांना सांग, जेवण झालंय.' आत्या कंटाळून मला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे उलटंच होतं. आतोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वरच्या खोलीत आत्याचं शिवणकाम, आणि जिन्यातून दिवसभर दोघांची वादावादी. रेडिओ मोठा कोणी केला, कात्री कुठे गेली. पहिला आठवडा मी घाबरून होते. मग कळलं, ही यांची गप्पा मारायची रीत आहे.

एकदा मात्र आत्या गप्प झाली. दोन दिवस एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, आतोबा दुकानातून वर आले, तर आत्या नाही, तिची पिशवीही नाही. आतोबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि तडक बसस्टॉप गाठला. आत्या बाकावर बसली होती. ते काळ्या, तेलकट हातांनीच शेजारी बसले. म्हणाले, "जायचं तर जा. पण माझं काय चुकलं ते सांगून जा, नाहीतर जन्मभर अंदाजच बांधत बसेन."

आत्या बोलायला लागली. एका शाळेचे गणवेश शिवायचं काम तिच्याकडे आलं होतं. ते विचारायला आलेल्या बाईंना आतोबांनी दुकानातूनच परस्पर सांगितलं होतं, तिला झेपायचं नाही. तिथून सुरू होऊन आत्या बारा वर्षं मागे गेली. आतोबांनी एकदा तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "थांबा, झालं नाही माझं." ते थांबले. दोन बस निघून गेल्या. शेवटी ते एवढंच म्हणाले, "चुकलंच माझं." दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी तेच सांगितलं. काम दुसरीकडे गेलं होतं. आत्याला ते पुढच्या वर्षी मिळालं.

यांच्यासारखं लग्न करायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. परवा आत्याला विचारलं, तू परत का आलीस? ती म्हणाली, "चूक कबूल केली म्हणून नाही गं. मध्ये बोलले नाहीत म्हणून."

मी चार महिन्यांपूर्वी 'ताईकडे जाते' एवढंच बोलून निघाले. तू दर फोनला विचारतोस काय झालं, मी म्हणते काही नाही. झालं ते असं. बाळ गेल्यावर मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा तू त्याची खोली रिकामी करून रंगवूनसुद्धा ठेवली होतीस. मला त्रास होऊ नये म्हणून, हे मला कळतं. पण मला तिथे एकदा रडायचं होतं रे. कदाचित तुलाही. मी विचारलंच नाही. रविवारी सकाळी येते आहे. त्याच खोलीत बसू. आधी मी बोलेन, मग तू.

अजूनही तुझीच