पिकअपमध्ये सगळे मावलो

तळ्याकाठून,
ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इथं माणसं सगळी ठणठणीत आहेत. गेली ती फक्त जीप. परवा सिलिंडर घेऊन चढावर येताना तिनं मधेच मान टाकली. मेकॅनिकनं बॉनेट उघडून पाहिलं, हात पुसले आणि आता हिच्यावर पैसे घालू नका म्हणाला. अण्णा तिच्या टपावर एक थाप मारून आत गेले, ते जेवायलाही बाहेर आले नाहीत.

पण हंगाम तोंडावर आलाय. मार्च उजाडला की शाळांच्या सहली सुरू, आणि गाडीवाचून तळ्यावरचा कॅम्प म्हणजे नुसतं पाण्याकडे बघत बसणं. म्हणून मी, अण्णा आणि तुझी भावजय शोरूमला जाऊन आलो. (तू तिला ठेवलेलं ‘मास्तरीणबाई’ हे नाव आता तिच्या शाळेतली पोरंही वापरतात. त्याचा हिशेब ती तुझ्याशी करणार आहे.) दोन गाड्या पाहिल्या. एक एसयूव्ही. दिसायला झकास, आत गालिचा, गुबगुबीत सीट, गार हवा. सेल्समन म्हणाला, रानावनात हिंडणाऱ्यांसाठीच ही बनवलीय. मी विचारलं की चिखलात लोळलेले ओले तंबू हिच्यात कुठं टाकायचे, तर तो म्हणाला, आधी धुऊन वाळवून घ्या सर. दुसरी पिकअप. पुढं एक लांब सीट आणि मागं मोकळा हौदा, बस्स. फाळका पाडला की होडी सरळ आत सरकते, संध्याकाळी पाइप मारला की गाडी स्वच्छ.

मग रिवाजाप्रमाणे बैठक केली. ज्या गाडीत आयुष्य काढायचं तिच्यात घरच्यांनी आधी इंजिन बंद ठेवून तासभर आपापल्या जागी बसायचं, हे अण्णांनी समजावलं तेव्हा सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी स्टिअरिंगला, मधे अण्णा, खिडकीशी मास्तरीणबाई. सगळे मावलो! सोमवारी पिकअप बुक करतो. येताना तुझ्या कारखान्यावरूनच आलो, पण मशिनं जोरात चालू होती, म्हणून तुला त्रास दिला नाही.

नवे तंबू कधी पाठवतेस? माया आहेच, ती तंबूंसोबत पाठवावी.

तुझा,
धाकटा


कारखान्यातून,
ता. ७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. आज द्यायची इच्छा नव्हती, पण मोठी आहे म्हणून देते. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनच करणार होते, पण तळ्यावर रेंज नाही, आणि असली तरी तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात मधे तोंड घालता येत नाही, तेव्हा आता मुकाट्यानं वाच.

तुम्ही तिघं माझ्या शहरात आलात. माझ्या दारावरून गेलात. मशिनं चालू होती म्हणे! ती मशिनं कुणाचे तंबू शिवत होती रे? दोन मिनिटं थांबून हाक मारली असतीस तर मी अंगावरचे दोरे झटकून तशीच आले असते. आणि ‘सगळे मावलो’ म्हणजे काय? सगळे म्हणजे कोण? आपल्या घरात बैठक म्हणजे घरचं एकूण एक माणूस. जीपच्या वेळी आत्याला ताप होता म्हणून अण्णांनी बैठक आठवडाभर पुढं ढकलली होती. तुझं मात्र तिघांत सगळं घर भरलं. वर मला कळवतोस, तेही वरातीमागून घोडं.

ते असू दे. मी अण्णांसाठी भांडते आहे. त्यांचे गुडघे कसे आहेत ते तुला रोज दिसतं ना? त्यांना तू मधे बसवणार, गिअरच्या दांड्याला गुडघा लावून, आणि दगडधोंड्यांच्या रस्त्यानं हादरे देत नेणार. एसयूव्हीत त्यांना मागं पाय पसरून बसता येईल. पाऊस आला तर तुझ्या त्या हौद्यात माझे तंबू भिजणार, ते वेगळंच. होड्या टपावर बांध. चिखलाची तुला इतकी काळजी असेल तर मी मेणकापडाच्या पिशव्या शिवून देते. एसयूव्हीच घ्यायची. माझं अर्धं भांडवल आहे त्या कॅम्पात, तेव्हा हे सुचवणं समजू नकोस.

अण्णांना नमस्कार, मास्तरीणबाईंना प्रेम. तुझ्या वाटणीचं सध्या माझ्याकडेच ठेवते.

ताई


तळ्याकाठून,
ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुकाट्यानं वाचलं. आता तू वाच.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. होड्या टपावर बांध, म्हणे! ओली होडी टपावर चढवायला दोन माणसं लागतात. इथं मी एकटा असतो, कारण मास्तरीण शाळेत आणि अण्णांना आता वजन उचलवत नाही. तंबूचे खांब एसयूव्हीत घालायचे तर पुढच्या काचेतून बाहेर काढावे लागतील. सरपण, रॉकेलचे कॅन, चिखलाचे बूट, लोकांनी मागं टाकलेला कचरा, हे सगळं मी त्या गालिच्यावर ठेवू? पहिल्याच आठवड्यात त्या गुबगुबीत सीटना असा वास येईल की अण्णा आपण होऊन पायी चालायला लागतील.

तू हंगामातून दोनदा येतेस. दोन दिवस राहतेस, पाणी बघून खूश होतेस आणि परत जातेस. त्या चार दिवसांसाठी मी वर्षभर चुकीची गाडी चालवू का? गाडी रोज बसणाऱ्यांसाठी घ्यायची असते, पाहुण्यांसाठी नाही. कडू वाटेल, पण खरं तेच लिहिलंय. अर्धं भांडवल तुझं आहे, ते मी कधी विसरलो नाही. पण भांडवलानं होडी उचलली जात नाही.

अण्णांचे गुडघे मी रोज शेकतो. ते मला पत्रानं कळत नाहीत.

सोमवारचं बुकिंग अण्णांनी काहीतरी कारण काढून लांबवलं. आता येत्या सोमवारी करणार. तंबूंचं काय ते कळव.

धाकटा


कारखान्यातून,
ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तंबू तयार आहेत. घड्या घालून, दोऱ्या बांधून भिंतीशी रचून ठेवले आहेत. पाठवणार नाही.

पाहुण्यांकडून कुणी तंबू शिवून घेत नसतं. घरच्या कुणाकडून तरी शिवून घे.

अण्णांना साष्टांग नमस्कार सांग.

ताई


तळ्याकाठून,
ता. १८ फेब्रुवारी

चि. माझ्या लेकीस अण्णांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हात कापतो म्हणून अक्षर असं आलं आहे. रागानंही कापतो आहे, तेव्हा कुठला कंप कशाचा ते तूच ओळख.

तुझं चार ओळींचं पत्र तुझ्या भावानं मला जेवताना वाचून दाखवलं, ताट सरकवलं आणि होड्यांना रंग द्यायला निघून गेला. होड्यांना मागच्याच महिन्यात रंग दिलेला आहे. तू तिकडं, तो इकडं, आणि मधे मी, गिअरच्या दांड्याजवळ. आता माझं ऐका.

त्या दिवशी बैठकीत मी तासभर तोंड उघडलं नाही. सेल्समनला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी पसंत पडली. मी तुझं नाव कुणाच्या तोंडून निघतं का ते बघत होतो. मास्तरीणबाईंनी विचारलं, ताई कुठं बसतील? तर हा दिवटा म्हणाला, ताई बसनं येते. तेव्हाच मी ठरवलं की ही बैठक झालीच नाही. बुकिंग मी अडवलं आहे आणि का अडवलं ते काल त्याला चारचौघांत ऐकवलं. अर्ध्या बैठकीवर ह्या घरात गाडी येत नाही.

त्याला बोललो, आता तुला. तुला मी गप्प बसायला शिकवलं नव्हतं. मला वाटलं, आता ही स्वतःसाठी भांडेल, पण तू भांडलीस ती माझ्या गुडघ्यांसाठी! माझ्या गुडघ्यांनी तुला वकीलपत्र दिलेलं नाही. ते पिकअपमध्ये दुखतात, पलंगावर दुखतात, आणि त्या एसयूव्हीची पायरी इतकी उंच होती की मला दोघांनी पोत्यासारखं आत लोटलं. खिडकीची काच काळी, त्यामुळे बाहेर धड दिसेना. मला ती गाडी फुकट दिली तरी नको. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, बाई. तुला काय हवं ते तुझ्या तोंडानं माग. तो नाही म्हणाला तर त्याचं काय करायचं ते मी बघतो, अजून आवाज शाबूत आहे.

तंबू अडवलेस हे मला आवडलं नाही. पण तुझ्या जागी मी असतो तर मीही अडवले असते.

तब्येतीला जप. राग गिळू नकोस, तो पचत नाही.

तुझे,
अण्णा


कारखान्यातून,
ता. २२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

अण्णांचं पत्र आलं. दोन दिवस त्यांचाही राग आला, मग लक्षात आलं की ते बरोबर बोलताहेत, आणि त्याचा जास्त राग आला.

पिकअपच घे. खांब एसयूव्हीत मावत नाहीत हे मला ठाऊक होतं. ते माझ्याच मापानं कापले जातात. मला ती गाडी हवी होती कारण तिच्यात मागं एक सीट होती. तेवढंच.

आता मला काय हवंय ते लिहिते. मला हंगामभर तळ्यावर राहायचं आहे. पाहुणी म्हणून नाही, कामाला. हंगामात इथं फक्त दुरुस्त्या असतात, त्या माझी कटिंगवाली सहज सांभाळते. मी एवढे तंबू शिवले, पण वारा सुटल्यावर त्यांची कुठली शिवण ताण घेते हे मला तुझ्या पत्रातून कळतं. लोक माझ्या कापडाखाली झोपतात आणि सकाळी तुला धन्यवाद देतात. ह्याचा मला संताप येतो. किती वर्षं येतोय ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटायचं की घरच्यांना हे न सांगता कळायला हवं. होडी टपावर चढवायला दोन माणसं लागतात असं तू लिहिलंस ना? दुसरं माणूस मी आहे, मूर्खा.

शोरूम माझ्या शहरात आहे. गाडी मी ताब्यात घेते, तंबू हौद्यात भरते आणि मी स्वतः चालवत घेऊन येते. लायसन्स आहे, आणि घाटात तुझ्यापेक्षा हात साफ आहे. मला मागची सीट नको. त्या गाडीत माझी जागा हवी, आणि ती मी मागते आहे. नाही म्हणायचं असेल तर एका शब्दात म्हण. शहरातल्या लोकांना कसं करमेल वगैरे लिहिलंस तर पत्र फाडून टाकीन.

उत्तराची वाट बघते. लोभ ठेव किंवा ठेवू नकोस, पण उत्तर ताबडतोब दे.

ताई


तळ्याकाठून,
ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून मला तुझा आणखीच राग आला. इतकं सरळ लिहिता येत होतं तर इतकी वर्षं काय करत होतीस?

जीपची मागची सीट मी का काढली, माहीत आहे? तू शहरात गेलीस त्या वर्षीची गोष्ट. सिलिंडरला जागा हवी म्हणून काढली, असं मी सगळ्यांना सांगितलं. सिलिंडर सीटमागं आधीपासून मावत होते. ती सीट तुझी होती, म्हणून काढली. तू सुटीला येशील, आपली जागा गेलेली बघशील, माझ्या नावानं शंख करशील, मग मी म्हणेन की जागा हवी तर परत ये, असं सगळं मी मनात घोळवून ठेवलं होतं. तू आलीस. पाहिलंस. तंबूच्या गाठोड्यावर जाऊन बसलीस आणि म्हणालीस की वा, हे तर जास्त ऐसपैस आहे. त्या फेरीत मी तुझ्याशी नीट बोललो नाही, तुला वाटलं माझी दाढ दुखतेय.

तरी ती सीट मी दोन हंगाम गोदामात झाकून ठेवली. तू विचारलं नाहीस. मग भंगारात दिली आणि ठरवून टाकलं की हिला जागा नकोच आहे. शोरूममध्ये तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी मुद्दाम गिळलं. ‘सगळे मावलो’ हेही मुद्दामच लिहिलं. म्हटलं, ह्यावर तरी चिडते का बघू.

पिकअप बुक केली. गाडी तुझ्या ताब्यात द्यायला शोरूमवाल्याला सांगून ठेवलंय. बैठक पुन्हा होईल, ती इथं फाटकाशी, इंजिन बंद ठेवून, पूर्ण तासभर. तू स्टिअरिंगला, मधे अण्णा, खिडकीशी मास्तरीणबाई. मी मागं हौद्यात, तंबूंच्या गाठोड्यावर बसणार आहे. मला बघायचंय तिथं किती ऐसपैस असतं ते.

राग अजून उतरलेला नाही आणि माया कधी आटली नव्हती. दोन्ही धरून ये.

तुझा,
धाकटा