कमानीतले पंजे

३० नोव्हेंबर, रविवार
काय गरज होती त्या राजशेखरला! कमिटीचा अध्यक्ष झाला म्हणून चर्च बापाच्या नावावर केलं व्हय? दारातल्या कमानीखाली काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं — हे चर्च काशप्पा यांनी बांधले. बांधलं म्हणे! काशप्पा छत्री धरून नुसता उभा राहायचा. खाणीतला लाल दगड डोक्यावर आणला बायकांनी. माझ्या आईनं, नागव्वानं. चुना बी त्यांनीच मळला. काम झाल्यावर कमानीच्या ओल्या चुन्यात एकेकीनं आपला पंजा उठवला. आईची करंगळी वाकडी, लांबून ओळखू यायची.
नेमका त्या पंजांवरच दगड बसवला मेल्यानं!

१ डिसेंबर
राजशेखरच्या घरी जाऊन विचारलं. "अक्का, जुना चुना झडायला होता, बरं दिसत नव्हतं." म्हटलं, तुझं तोंड बी बरं दिसत न्हाई, त्याच्यावर बसव ग्रॅनाइट.
पास्टरसाहेब म्हणतात क्षमा करा. करीन. आधी दगड काढा.

४ डिसेंबर
माझ्या भुवनेश्वरीचं लग्न जानेवारीत. आमच्यात लेक सासरी निघाली की आजीच्या त्या पंजात आपला पंजा ठेवते, मगच चर्चचा उंबरा ओलांडते. आजीचा नसला तर आईचा. मी माझ्या आईच्या पंजात ठेवला होता. गार लागलं होतं. आता माझी लेक काय काशप्पाच्या नावाला हात लावून जाईल?
मिस्त्रीला धरलं — पंजे फोडलेस का? खाली बघूनच बोलला, "न्हाई अक्का, सिमेंट नुसतं वरून थापलंय."
म्हणजे हायेत!

९ डिसेंबर
चर्च झाडायची पाळी माझी. सगळा गाव तुरी कापायला गेलेला. शिडी लावली, घंटेतला लोखंडी लोळा सोडवला, पोत्यात घालून घरी आणला. आता वाजव! तुझा नाताळ मुकाच जाऊ दे.

१४ डिसेंबर
रविवारच्या भक्तीची वेळ झाली, राजशेखर घंटेची दोरी ओढतोय, ओढतोय — आवाजच न्हाई! शेवटी ताट बडवलं. शेजारची विजयश्री म्हणाली, "जेवायला बोलवायलाय का भक्तीला?" पदर तोंडात कोंबून हसले. देव बघून घेईल.

१७ डिसेंबर
राजशेखर लोळा घराघरात हुडकायलाय. उद्या आमची गल्ली.
दुपारी त्याची आई आली, सुशीलाबाई, काठी टेकत. वाटलं, भांडायला. पाणी पिली आणि म्हणाली, "लोळा तूच नेलास. दे इकडं." मी दार लोटून घेतलं. "अगं दे! माझी ट्रंक उघडायची त्याची छाती न्हाई. कामून बघायलीस अशी? नागव्वाच्या शेजारचा पंजा कुणाचा होता?"

२१ डिसेंबर, रविवार
भक्ती संपली तशी म्हातारी उभी राहिली. सगळ्यांसमोर. "राजशेखर, लोळा माझ्यापाशी हाय. तुझ्या बापानं छत्री धरली, दगड मी वाहिला. माझ्या हातावरचा तो ग्रॅनाइट काढतोस का न्हाई? मंगळवारपत्तूर सांग."