डाव्या हाताचा मळ

२ डिसेंबर, सोमवार. धुळे.
आयुष्याला दिशा मिळाली. मोबाईल रिपेअरिंग, ड्रोनची फवारणी आणि मधमाश्या ही तिन्ही क्षेत्रं मला छोटी पडली. आमच्या वडिलांचं, आबांचं, मत वेगळं आहे. काल सावद्याहून निघताना म्हणाले, "पितांबर, एक काम, फक्त एकच, आजपासून संक्रांतीलोक खाडा न करता करून दाखव. स्टँडजवळची खोली त्याच कामाला देतो. नाहीतं धनसिंग मुकादमाच्या टोळीत जाय, केळीचे घड उचल."
म्हटलं, आबा, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!
खोलीत जिम काढणार. नाव ठरलं नाही. आरसे ठरले.
उतरलोय भागामावशीकडे. तिचं भरीत सेंटर आहे. राहणं-खाणं फुकट, बदल्यात सकाळ-संध्याकाळ थोडी वांगी ठेचून द्यायची. किरकोळ.

४ डिसेंबर, बुधवार
चहा प्यायला निघालो आणि फिजिओथेरपी कॉलेजात पोचलो. गेटवर कागद: व्यायामाने कोपराखालच्या स्नायूंतला रक्तप्रवाह किती बदलतो, या अभ्यासासाठी तरुण हवेत. जिमसाठी याहून चांगली सुरुवात कोणती?
अभ्यास करणाऱ्या मृणाली मॅडमनी समजावलं. संक्रांतीपर्यंत डाव्या हाताने रोज दोन वेळा स्प्रिंग दाबायची. उजव्याने जोराचं नवीन काही करायचं नाही. शेवटी दोन्ही हात ताडून बघायचे. म्हणजे खरोखर डाव्या हाताचाच मळ! याला संकेत म्हणतात.
मशीन भारी आहे. दंडाला पट्टा आवळतात. रक्त आत येतं, बाहेर जात नाही. हात किती भराभर फुगतो त्यावरून प्रवाह कळतो. मी म्हणालो, वाफ्याचं तोंड बांधून पाणी सोडल्यासारखं. मॅडम हसल्या.
निघताना म्हणाल्या, "तुमचा हात मला शेवटपर्यंत हवाय. मध्येच सोडू नका." घरी येऊन हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवलं. आमच्याकडे हात मुलगा मागतो. शिकलेल्या घरात उलटं असेल.

५ डिसेंबर, गुरुवार
स्प्रिंग काढली तेवढ्यात मावशी ओरडली, "भाऊ, तुनी स्प्रिंग ठेव, मुसळी धर. गिऱ्हाईक उभं शे." ठेचलं. मग दमलो. दमलेल्या शरीराला व्यायाम दिला की रक्त घाबरतं, असं एका रीलमध्ये ऐकलंय. उद्यापासून.

९ डिसेंबर, सोमवार
मॅडमचा मेसेज: आज व्यायाम केला का? अंगठा पाठवला. उजव्या हाताने.
खोटं नाही. केलाच असता.

१२ डिसेंबर, गुरुवार
नरडाण्याला जाऊन आलो. तिथल्या कंपन्यांतले कामगार संध्याकाळी जिमला येतील का, याचा सर्व्हे करायचा होता. सावदा तिथून लांब पडतं हे पोचल्यावर लक्षात आलं. स्टेशनवर मालगाडी आली, मग दुसरी आली. डबे बघत बसलो. स्प्रिंग बाकावर राहिली. मावशीच्या संध्याकाळच्या वांग्यांना मात्र वेळेत परतलो. नाहीतर ती जेवायला देत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार
स्प्रिंगऐवजी लिंबू. निसर्गाकडे परत. चारदा दाबलं, फुटलं. मावशी म्हणे, "रस वाटीमा तरी पाड!"

२० डिसेंबर, शुक्रवार
थंडी वाढली तशी भरिताची मागणी वाढली. लग्नाच्या, वाढदिवसाच्या, पार्ट्यांच्या ऑर्डरी. "बठ्ठा वांगा तसाच पडेल शेतस," म्हणजे सगळी वांगी तशीच पडलीत, एवढं एकच वाक्य मावशीला येतं. ठेचून ठेचून व्यायामाला वेळच उरत नाही. शास्त्राची या घरात किंमत नाही.
मॅडमनी फोनवर विचारलं, उजव्या हाताला जोराचा व्यायाम होत नाही ना? म्हटलं, छे हो, उजव्याने फक्त घरकाम. त्या म्हणाल्या, किती शिस्तीचे आहात! फोन ठेवल्यावर मावशी म्हणाली, "हसू नको, मिरच्या ठेच."

३० डिसेंबर, सोमवार
सोमवती अमावस्या. अमावस्येला नवीन काम नको. व्यायाम जुना आहे, पण मी अजून सुरू केलेला नाही, म्हणजे नवीनच.

१ जानेवारी, बुधवार
नवीन वर्ष, नवीन स्प्रिंग. लाल. सकाळी दाबली. छान वाटलं. संध्याकाळी मावशीच्या नातवाने स्प्रिंगचा फटाक्यासारखा आवाज काढून दाखवला. आता दाबली की नुसता आवाज येतो.

८ जानेवारी, बुधवार
आबांचा फोन. "काय चालू आहे?" म्हटलं, रक्तप्रवाह. ते म्हणाले, "तो तं सगळ्यांचाच चालू असतो." सोमवारी शेवटची मोजणी आहे, तेव्हा धनसिंग मुकादमाच्या गाडीतून येणार आहेत, मॅडमच्या तोंडून ऐकायला. येऊ देत. अजून बरेच दिवस आहेत.

१२ जानेवारी, रविवार
उद्याच.
मन शांत आहे. सगळा व्यायाम एकदम करायचा. पाहुणे यायच्या आधी घर झाडतात तसा.

१३ जानेवारी, सोमवार. दुपारी.
सकाळी रिक्षात, मग कॉलेजच्या जिन्यात डाव्या हाताने टेनिसचा बॉल दाबत बसलो. हात टम्म. मशीनला लावला आणि मॅडमचे डोळे मोठे झाले. आकडा चढतच चालला. आबा कोपऱ्यात टोपी सारखी करत उभे. त्यांच्या तोंडावर मी अभिमान पहिल्यांदाच पाहिला.
मॅडम म्हणाल्या, "अर्धा तास शांत बसा. मग परत मोजू." त्यांना मी अजून थोडा वेळ समोर हवा होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
अर्ध्या तासाने डाव्या हातातलं रक्त ओसरलं. पहिल्या दिवशी जिथे होतं तिथेच येऊन बसलं. नंतर नियमाप्रमाणे दोन्ही हातांनी बॉल दाबायला लावून परत मोजलं. डावा जसाच्या तसा. उजव्यात म्हणाल तर पूर आला. मॅडमनी पट्टा बदलला. मग त्यांच्या सरांना बोलावलं. सरांनी विचारलं, उजव्या हाताने रोज काय करता?
म्हटलं, व्यायाम अजिबात नाही सर. फक्त भरीत ठेचतो. सकाळ-संध्याकाळ.
मॅडमनी कपाळाला हात लावला. "पितांबर, तेच तर करायचं नव्हतं!"
मी म्हटलं, मॅडम, ते काम आहे. व्यायाम नाही.
त्या म्हणाल्या, "रक्ताला फरक कळत नाही." अभ्यासातून माझं नाव काढलं. हातही सोडला.
आबा पुढे आले. विचारलं, "म्हणजे पोराने काहीच केलं नाही?"
मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, "तसं नाही काका. डाव्याने काही केलं नाही. उजव्याने मात्र काम टिकवलंय. एका दिवसात एवढा फरक पडत नाही."
आबांनी माझा उजवा हात उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "टिकवलं ना? मंग झालं." मला वाटलं, जिम वाचली.

१५ जानेवारी, बुधवार. सावदा.
आबा शब्दाचे पक्के. खोली दिली. जे काम टिकलं, त्याच कामाला.
मावशीने आपली जुनी मुसळी पाठवली. धनसिंग मुकादम टोळीला घेऊन हजर, पहिलं गिऱ्हाईक. म्हणाला, "काय पैलवान, दाखव हात!"
आरसा आलाय. हात धुवायच्या बेसिनवर लावलाय.
उद्यापासून डाव्या हाताने ठेचणार, म्हणजे दोन्हींचा प्रवाह सारखा होईल. आज वांगी फार होती.